पायदळात उतरलेला राजा

अवंतिवर्मा काश्मीरच्या गादीवर आला तो इसवी सन ८५५ मध्ये. त्याआधीची काही दशके खोऱ्याने वाईट पाहिली होती. राजवाड्यात भाऊबंदकी माजली होती, आणि वितस्तेच्या पुराने भातशेती वारंवार पाण्याखाली जात होती. अवंतिवर्म्याच्या काळात सुय्य नावाच्या, कुळाचा ठावठिकाणा नसलेल्या एका हुशार माणसाने नदीत नाणी फेकली. दुष्काळाने गांजलेले लोक नाण्यांसाठी पात्रात उतरले आणि नाणी शोधता शोधता प्रवाह अडवणारे दगड त्यांनी बाहेर काढले. मग बांध घातले गेले, कालवे निघाले. पूर्वी सुकाळातही २०० दीनारांना मिळणारी भाताची खारी त्यानंतर ३६ दीनारांना मिळू लागली, असे ‘राजतरंगिणी’कार कल्हण लिहितो. सुय्याच्या नावाचे गाव आजही सोपोर म्हणून नांदते आहे.

त्याच राजाच्या सभेत ‘ध्वन्यालोक’ लिहिणारा आनंदवर्धन होता. आणि त्याच राजाची कारकीर्द सांगताना कल्हण जाता जाता नोंदवतो की लोकांवर अनुग्रह करण्यासाठी भट्ट कल्लट आणि इतर सिद्ध या काळात पृथ्वीवर उतरले. राजतरंगिणीत सिद्धांची अशी दखल सहसा येत नाही. पोटाला अन्न आणि राज्याला शांतता मिळाल्यावर या खोऱ्यात जो शैव विचार रुजला, त्याचा पुढे दोन शतके बहर टिकला. माणसाचे ‘मी’पण मुळात कुठून आले, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर भारतीय विचारात मला सर्वांत धाडसी वाटते.

कल्लटाचा गुरू वसुगुप्त. श्रीनगरजवळच्या महादेव पर्वतावर शिवाने त्याला स्वप्नात येऊन एका शिळेचा पत्ता दिला, शिळा उलटली तेव्हा तिच्यावर सूत्रे कोरलेली सापडली, ही कथा पुढच्या काळातला आचार्य क्षेमराज सांगतो. दुसऱ्या परंपरेत शिळा नाही, स्वप्नात एका सिद्धाने सूत्रे सांगितली असे आहे. काही असो, ‘शिवसूत्रे’ म्हणून जी ७७ छोटी वाक्ये क्षेमराजाच्या पाठात आहेत, त्यांतले पहिलेच चैतन्याला आत्मा म्हणते आणि दुसरे ज्ञानालाच बंधन ठरवते. इथे ज्ञान म्हणजे आकसलेले, ‘एवढेच मला कळते’ असे ज्ञान. कल्लटाच्या परंपरेत ‘स्पंदकारिका’ आली. परमतत्त्व निश्चल नाही, त्याच्यात एक अतिसूक्ष्म थरथर सतत चालू आहे, आणि जग हा त्या थरथरीचाच विस्तार आहे, असे तिचे म्हणणे.

हे कबूल केले तरी मुख्य अडचण उरतेच. जो पूर्ण आहे, ज्याला काही मिळवायचे नाही, तो लहान का होईल? त्या वेळी काश्मीरात या प्रश्नाची अनेक उत्तरे फिरत होती. बौद्ध पंडित म्हणत, टिकून राहणारा आत्मा असा नाहीच, क्षणाक्षणाला उमटून विझणाऱ्या जाणिवांची माळ तेवढी आहे. शैवांमधलेच सिद्धांती म्हणत, जीव अनादि आहेत, वेगळे आहेत, आणि त्यांना चिकटलेला मळही अनादि आहे. दीक्षेच्या विधीनेच तो धुतला जाईल. अद्वैत वेदान्ताने अविद्येकडे बोट दाखवले. या सगळ्या उत्तरांत एक धागा समान होता. वेगळा जीव असणे ही काहीतरी चूक आहे, भ्रम आहे किंवा रोग आहे.

दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोमानंदाने ‘शिवदृष्टी’त या गृहीतालाच हात घातला. त्याचा दृष्टान्त असा. साऱ्या पृथ्वीचा धनी असलेला राजा कधी कधी आपल्या वैभवाच्या आनंदात पायदळातल्या शिपायाचे सोंग घेतो, त्याच्यासारखा चालतो, त्याची कामे करतो. त्याला कोणी शिक्षा केलेली नसते, की त्याच्याकडून काही चूक झालेली नसते. आनंद इतका भरून आलेला असतो की तो राजेपणात मावत नाही. परमेश्वर जीव होतो तो असाच.

हा दृष्टान्त कोणत्या काळातला आहे हे पाहिले की त्याचे वजन कळते. अवंतिवर्म्याची सुबत्ता तोवर संपली होती. तंत्रिन नावाच्या पायदळाच्या टोळीने काश्मीरचे सिंहासन आपल्या मुठीत घेतले होते. जो जास्त पैसे देईल त्याला ते राजा करत आणि मनात आले की उतरवत. ९१७ साली पुराने भात बुडाला आणि भयंकर दुष्काळ पडला. वितस्तेचे पाणी फुगलेल्या प्रेतांखाली दिसेनासे झाले, जमीन हाडांनी भरली, आणि राजाचे मंत्री साठवलेला तांदूळ चढ्या भावाने विकून श्रीमंत झाले, हे कल्हणाने संतापाने लिहून ठेवले आहे. सोमानंदाच्या तारखा वर्षावर बसवता येत नाहीत. पण तो याच काळाच्या आसपासचा. ज्या देशात पायदळाचे शिपाई राजे घडवत आणि मोडत होते, तिथे स्वेच्छेने शिपाई झालेल्या राजाचे चित्र त्याला सुचावे, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

पण एक गोष्ट तर्काची नाही. आनंदाचे हे तत्त्वज्ञान सुखवस्तूंच्या दिवाणखान्यात बसून रचलेले नव्हते, ते प्रेते तरंगणाऱ्या नदीच्या खोऱ्यातले आहे. आणि सोमानंद दुःखाकडे पाठ फिरवत नाही. नरकात यातना भोगणाऱ्याचे शरीरही शिवानेच घेतले आहे, तिथेही तो तितकाच पूर्ण आहे, असे तो म्हणतो. हे वाचताना मन अडखळते. उपाशी मेलेल्याला ही लीला कशी सांगायची? सोमानंदाने या प्रश्नाचे सांत्वन होईल असे उत्तर दिलेले नाही. त्याने एवढेच केले की दुःखासाठी देवाबाहेरची वेगळी जागा निर्माण केली नाही.

सोमानंदाचा शिष्य उत्पलदेव. गुरूच्या अंगात द्रष्ट्याचा आवेश होता, शिष्याने त्याला तर्काची शिस्त लावली. त्याच्या ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका’ सुमारे १९० आहेत, आणि त्यांचा पहिला सामना बौद्धांशी आहे. प्रश्न स्मृतीचा आहे. काल पाहिलेली वस्तू आज आठवते. कालची जाणीव कालच विझली, आजची जाणीव वेगळी. प्रत्येक जाणीव स्वतःपुरती उजळते, दुसरीत डोकावू शकत नाही. मग ‘तेच मी पाहिले होते’ हे दोघींना जोडणारे भान कुणाचे? संस्कारांनी हे सांधता येते, हे बौद्धांचे उत्तर उत्पलदेव सविस्तर मांडतो, मग ते पुरेसे नाही असे दाखवतो. ज्या प्रकाशात दोन्ही जाणिवा एकत्र येतात तोच महेश्वर, असा त्याचा निष्कर्ष आहे. साध्या आठवणीच्या कृतीत त्याने देव शोधला.

हा प्रकाश नुसता प्रकाश असता तर तो स्फटिकासारखा जड झाला असता, असेही तो म्हणतो. स्फटिकात सगळे उमटते, पण स्फटिकाला त्याचा पत्ता नसतो. चैतन्याला आपण आहोत याची जाणीव असते. ही स्वतःची स्वतःला असलेली जाणीव म्हणजे विमर्श. तिला दुसऱ्या कुणाकडे पाहावे लागत नाही म्हणून तीच स्वातंत्र्य, आणि तीच आनंद. या विचारात आनंद म्हणजे हवेसे काही मिळाल्यावर उठणारी लाट नव्हे. स्वतःत निवांत असलेले चैतन्य हाच आनंद. पुढे जे जीवपण येते ते या आनंदाला लागलेले आकुंचन आहे, आणि ते त्याच्याच मर्जीने लागलेले आहे.

कारिकांच्या शेवटी उत्पलदेव एक तरुणी उभी करतो. तिने एका पुरुषाचे गुण ऐकले आहेत, न पाहताच त्याच्यावर जीव जडवला आहे. तो समोर येऊन उभा राहतो, पण इतर माणसांसारखाच दिसतो, म्हणून तिला काहीच वाटत नाही. कोणीतरी सांगते, ‘हाच तो’, आणि ती भरून पावते. नवे काही घडलेले नसते, फक्त ओळख पटलेली असते. जीव आणि शिव यांच्यातले अंतर एवढेच.

उत्पलदेवाचा शिष्य लक्ष्मणगुप्त, आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्त. त्याचे पूर्वज अत्रिगुप्त गंगा-यमुनेच्या दुआबातले. आठव्या शतकात राजा ललितादित्याने त्यांना काश्मीरात आणून वितस्तेच्या काठी वसवले. अभिनवगुप्ताचा जन्म साधारण ९५० चा. त्याची तरुण वर्षे राणी दिद्देच्या दरबारी कटकारस्थानांच्या काळात गेली. सत्तेसाठी तिने स्वतःच्या नातवांना मारल्याचा आरोप कल्हणाने केला आहे. १०१४-१५ मध्ये अभिनवगुप्ताने उत्पलदेवाच्या विचारावरची आपली मोठी टीका पूर्ण केली, आणि १०१५ मध्ये महमूद गझनवी काश्मीरच्या वेशीवरच्या लोहर किल्ल्यापर्यंत येऊन बर्फापुढे हात टेकून परत फिरला.

अभिनवगुप्ताची आई विमला त्याच्या लहानपणीच गेली. ‘तंत्रालोका’च्या शेवटच्या, सदतिसाव्या आह्निकात तो हे स्वतः सांगतो. घडणाऱ्या माणसाला दैवच पुढच्या कामासाठी तयार करत असते, असे म्हणून तो पुढे जातो. वडील नरसिंहगुप्त विरक्त झाले. अभिनवगुप्ताने लग्न केले नाही. तो अनेक गुरूंकडे शिकत राहिला. त्यांत बौद्ध होते, जैन होते. कौलमार्गाची दीक्षा देणाऱ्या जालंधरच्या शंभुनाथाबद्दल तो जितक्या ओलाव्याने लिहितो, तितका तो इतर कुणाबद्दल लिहीत नाही.

पण आई त्याच्या लेखनातून गेली नाही. ‘तंत्रालोक’, ‘तंत्रसार’ आणि आणखी काही ग्रंथांच्या आरंभी त्याने एकच मंगलश्लोक वापरला आहे. त्याचे दोन अर्थ होतात. एका अर्थाने तो शक्ती आणि शिव यांच्या मीलनाचा आहे, त्यातून विश्व उसळते. दुसऱ्या अर्थाने त्यात विमला आणि नरसिंहगुप्त यांची नावे गुंफलेली आहेत आणि त्यांच्या मीलनातून त्याचे स्वतःचे हृदय स्पंदू लागले. एका विशिष्ट माणसाची उत्पत्ती आणि विश्वाची उत्पत्ती, दोन्ही एकाच आनंदाच्या ओसंडण्यातून. लहानपणी आई गमावलेल्या मुलाने आपल्या असण्याचे मूळ आई-वडिलांच्या सुखात पाहावे, ते लपवू नये, उलट आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या दारावर लिहावे, यापुढे मला त्याचे सगळे पांडित्य दुय्यम वाटते.

आणि ते पांडित्य अफाट होते. ‘तंत्रालोका’चे श्लोक साडेपाच हजारांवर जातात. त्याच्या पाचव्या आह्निकात आनंदाच्या पायऱ्या आहेत: निजानंद, निरानंद, परानंद, ब्रह्मानंद, महानंद, चिदानंद. या सहांच्या पलीकडे, सर्वांना व्यापणारा जगदानंद. हे आपल्याला शंभुनाथाने शिकवले, असे तो म्हणतो. शेवटच्या टप्प्याचे नाव जगावरून पडले आहे, हे विसरू नये. डोळे मिटून गाठलेली ती समाधी नव्हे. तिथे आत आणि बाहेर असा भेद नाही, ध्यानाचीही गरज उरत नाही.

दुःखाच्या ज्या प्रश्नावर सोमानंद थांबला होता, तिथे अभिनवगुप्त रंगभूमीच्या वाटेने गेला. भरताच्या नाट्यशास्त्रावरची त्याची ‘अभिनवभारती’ आणि आनंदवर्धनावरचा ‘लोचन’ हे केवळ साहित्यशास्त्र नाही. करुण नाटक पाहताना प्रेक्षक रडतो आणि तरीही त्याला तिथून उठावेसे वाटत नाही. का? कारण त्या वेळी दुःख ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ राहत नाही. लहान ‘मी’ची कुंपणे काही काळ पडतात, जाणीव स्वतःतच विसावते आणि त्या विसाव्याची चव आनंदाचीच असते, मग विषय शोकाचा का असेना. ‘विज्ञानभैरव’ या जुन्या तंत्रातही हीच नजर आहे. खूप दिवसांनी भेटलेला जिवलग, जेवणाची तृप्ती, गाण्यात हरवलेले मन, त्याच रांगेत शिंक, भीती, शोक आणि कड्याच्या टोकावर उभे असण्याचा क्षण. या सगळ्या जागी ‘मी’चा आकार क्षणभर विरतो आणि मूळ हाताला लागते, असे ते तंत्र सांगते.

हा आकार मुळात बनतो कसा, हे अभिनवगुप्ताचा शिष्य क्षेमराज याने ‘प्रत्यभिज्ञाहृदय’ या वीस सूत्रांच्या पुस्तकात मांडले. तर्कशास्त्राचे कष्ट न घेतलेल्या भाविकांसाठी आपण हे लिहीत असल्याचे तो सांगतो. चिती म्हणजे विश्वचैतन्य. तीच आपल्या विषयांच्या मापाने आकसते आणि चित्त होते. बाहेरून कोणी तिला कोंडलेले नाही. सर्व काही करण्याची शक्ती आकसून ‘थोडेफार करता येते’ अशी होते, ती कला. सर्वज्ञता आकसते, ती विद्या. नित्यता आकसते तेव्हा काळ मोजावा लागतो. सर्वव्यापकता आकसून ‘इथेच, असेच’ ही नियती बनते. आणि पूर्णता आकसते तेव्हा राग, म्हणजे हव्यास जन्माला येतो. या पाच कंचुकांत, म्हणजे आवरणांत, मला हा शेवटचा सगळ्यांत जवळचा वाटतो. माणसाला सतत काहीतरी कमी आहे असे वाटते ते तो पापी आहे म्हणून नाही, तो मुळात पूर्ण आहे आणि त्या पूर्णपणाचा विसर त्याला टोचत राहतो म्हणून. तळाशी आणवमल आहे, ‘मी अणू आहे’ अशी समजूत. उत्पलदेवाने तिच्या दोन बाजू सांगितल्या होत्या: कधी जाणीव असते पण तिचे स्वातंत्र्य हरपलेले असते, कधी स्वातंत्र्य असते पण त्याची जाणीव नसते.

हा विचार काश्मीरच्या डोंगरांत अडकून राहिला नाही. मदुरेचा मधुराज अभिनवगुप्ताच्या पायाशी पोहोचला आणि त्याने गुरूचे एक शब्दचित्र मागे ठेवले. द्राक्षांच्या मळ्यात मंडप, हातात वीणा, आनंदाने थरथरणारे डोळे, भोवती शिष्य. तेराव्या शतकाच्या अखेरीस चोळ देशात महेश्वरानंदाने ‘महार्थमंजरी’ लिहिली. तो तमिळ मुलखातला, आणि ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात. कारण तो स्वतः सांगतो. एक योगिनी त्याला दिसली, हातात कपाल आणि त्रिशूल, अंगावर गोधडी. त्याने दिलेले धन तिने नाकारले, महाराष्ट्राच्या भाषेत बोलली आणि मुद्रेने सातचा आकडा सुचवून गुप्त झाली. गुरूंनी तिच्या खुणेचा अर्थ सत्तर गाथा असा लावला.

जवळपास त्याच वर्षांत प्रत्यक्ष महाराष्ट्रात, गोदावरीच्या खोऱ्यात, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्यानंतर ज्ञानदेवांनी निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून स्वतंत्र ग्रंथ रचला, तो ‘अनुभवामृत’, आपल्या तोंडी ‘अमृतानुभव’. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्रांचा नावाने उल्लेख येतो आणि ज्ञानाला बंधन म्हणणारे ते दुसरे सूत्रच तिथे साक्षीला उभे आहे. वितस्तेच्या काठचे वाक्य प्रवरेच्या काठी कसे आले? ग्रंथ हाती पडला की नाथांच्या मुखपरंपरेतून ते आले, यावर मराठी अभ्यासकांनी विसाव्या शतकात पुष्कळ खल केला. दुवा मात्र उघड आहे. ‘तंत्रालोका’च्या आरंभी अभिनवगुप्त ज्याला वंदन करतो तो मच्छंद, आणि ज्ञानदेव ज्यांच्यापासून आपली गुरुपरंपरा सांगतात ते मत्स्येंद्रनाथ, एकच.

ही तुलना करता आली ती काही अंशी मुंबई इलाख्यामुळे. इलाख्याच्या शिक्षणखात्यातले जॉर्ज ब्यूलर १८७५ मध्ये हस्तलिखितांच्या शोधात काश्मीरला गेले आणि शारदा लिपीतली भूर्जपत्रे आणि पोथ्यांचे गठ्ठे घेऊन परतले. हे गठ्ठे पुण्यात डेक्कन कॉलेजात आले, पुढे भांडारकर संस्थेत गेले. १९११ पासून श्रीनगरहून काश्मीर ग्रंथमाला निघू लागली, तेव्हा कुठे या शास्त्राचे ग्रंथ सर्वांच्या हाती पडले.

ज्ञानदेवांनी ज्ञानाला बंधन म्हणणारे ते सूत्र घेतले, पण त्याच्यापुढे मान तुकवून नाही. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते असेच असते, अशा अर्थाचे ते पुढे बोलतात. विशीही न ओलांडलेल्या साधकाचा हा निर्भयपणा आहे. ‘अमृतानुभवा’चे पहिले प्रकरण विश्वाच्या आई-बापांचे आहे. शिव आणि शक्ती एकमेकांत इतके मुरलेले की दोघांत एकाचाच संसार चालला आहे, आणि त्यांच्या प्रीतीच्या खेळात जग उमटते. परंपरा सांगते की ज्ञानदेवांच्या आई-वडिलांना प्रायश्चित्त म्हणून देह टाकावा लागला आणि चार भावंडे अनाथ झाली. ज्याच्या जन्मालाच समाजाने दोष म्हटले, त्याने जन्माचे मूळ प्रीतीत पाहिले.

सातव्या, सर्वांत लांब प्रकरणात ते काश्मिरी आचार्यांच्याही पुढे गेले आहेत असे मला वाटते. तिथे आणवमल तरी होता, विसर तरी होता. ज्ञानदेव अज्ञानाला उभे राहायलाच जागा ठेवत नाहीत. जे दिसते ते चैतन्याचे स्वतःलाच पाहणे, चिद्विलास. मग लहान जीवाचे करायचे काय? पुसून टाकायचे? नवव्या प्रकरणात ते डोंगर कोरून केलेल्या लेण्याकडे बोट दाखवतात. देव, देऊळ आणि देवाचा परिवार एकाच खडकातून घडतात, तसे एकाच तत्त्वात देव आणि भक्त दोघे राहायला काय हरकत आहे? वेगळेपण आनंदातून आले असेल तर मुक्तीसाठी ते मोडायची गरज नाही. ते नांदू द्यायचे, आणि या नांदण्यालाच भक्ती म्हणायचे. पुढच्या शतकांत वारकऱ्यांनी अद्वैत सांभाळूनही विठोबासमोर उभे राहण्याचे सुख सोडले नाही, त्याची वैचारिक पायाभरणी इथे झाली आहे.

काश्मीरातला मार्ग दीक्षा, मंडल आणि संस्कृत यांच्या आतला होता. क्षेमराजाने तो थोडा सोपा केला, तरी ज्याला संस्कृत येत नव्हते तो बाहेरच राहिला. ज्ञानदेवांनी तो ओवीत आणला, आणि दहाव्या प्रकरणाच्या अखेरीस, ग्रंथ मिटताना, या अनुभवामृताने अवघ्या विश्वाने सण साजरा करावा असे आवतण दिले.